द्रुत लयीत चिरणारा आवाज : टर्नटेबलच्या झिजलेल्या कार्ट्रिजचे एक प्रकरण

माहीममध्ये राहणाऱ्या एका निवृत्त संगीतशिक्षिकेच्या घरी टेक्निक्सचे एसएल-१२०० एमके-२ हे टर्नटेबल आहे आणि त्यावर शुअरचे एम९७एक्सई हे कार्ट्रिज (सुईची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा छोटा भाग) बसवलेले होते. संग्रह प्रामुख्याने एचएमव्हीच्या ख्यालगायनाच्या लाँग प्ले ध्वनिमुद्रिकांचा आहे. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरी आमोणकर ही नावे त्यांत सर्वाधिक. बाईंची तक्रार दुहेरी होती. उजव्या स्पीकरचा आवाज अधूनमधून जात असे आणि आपोआप परत येत असे. दुसरी तक्रार त्यांनी गायकाच्या कानाने मांडली: “सुरुवात छान लागते, पण बाजू संपत आली की तार षड्जाला आवाज चिरतो, आणि ‘स’, ‘श’ तर नुसते फुसफुसतात.” त्यांना एका ठिकाणी असे सांगण्यात आले होते की कार्ट्रिज पूर्ण निकामी झाले आहे, यंत्रही जुने आहे, तेव्हा नवे टर्नटेबल घेणेच बरे. हे यंत्र इतक्या सहज टाकून देण्यासारखे मुळीच नाही, म्हणून मूळ दोष नेमका कुठे आहे ते आधी शोधायचे, खरेदीचा विचार नंतर, असे ठरवून मी हे काम हाती घेतले.

दोन तक्रारी एकाच वेळी आल्या की त्यांचे कारणही एकच असावे असे वाटते, आणि कार्ट्रिजच्या बाबतीत हाच समज महागात पडतो. एम९७एक्सई हे मूव्हिंग मॅग्नेट पद्धतीचे कार्ट्रिज आहे. त्यात दोन स्वतंत्र भाग असतात. एक म्हणजे मुख्य ठोकळा, ज्यात तारेची स्थिर वेटोळी असतात. दुसरा म्हणजे हाताने ओढून काढता येणारा सुईचा भाग, ज्यात हिऱ्याचे टोक, ते ज्या बारीक धातूच्या काडीवर बसवलेले असते तो कँटिलिव्हर, काडीच्या दुसऱ्या टोकाचे चिमुकले चुंबक आणि या सगळ्याला लवचीक आधार देणारे रबर असते. झिजतो तो हिरा आणि म्हातारे होते ते रबर. वेटोळी सहसा बिघडत नाहीत. म्हणजे ‘कार्ट्रिज गेले’ या वाक्यात निदान असे काहीच नसते. काय गेले ते सांगावे लागते.

उजव्या बाजूच्या दोषाचा माग आधी घेतला, कारण तो अदलाबदलीने निश्चित सापडतो. ॲम्प्लिफायरच्या मागे टर्नटेबलच्या डाव्या-उजव्या पिना उलटसुलट जोडल्या, तेव्हा आवाज जाण्याचा दोष डाव्या स्पीकरमध्ये गेला. त्यावरून ॲम्प्लिफायर आणि स्पीकर निर्दोष ठरले. पिना पूर्ववत करून मग हेडशेलमधल्या, म्हणजे कार्ट्रिज ज्यावर बसते त्या सुट्या तुकड्यातल्या, चार बारीक तारांपैकी डाव्या बाजूची पांढरी-निळी आणि उजव्या बाजूची लाल-हिरवी या जोड्यांची कार्ट्रिजच्या खुंट्यांवर अदलाबदल केली. दोष कार्ट्रिजमध्ये असता तर तो या वेळी डावीकडे सरकला असता. तो उजवीकडेच राहिला. खातरजमा म्हणून मल्टिमीटरने दोन्ही वेटोळ्यांचा रोध मोजला, तर तो दोन्हीकडे शुअरने दिलेल्या १,५५० ओहमच्या आसपास भरला. (चुंबकाऐवजी वेटोळी हलतात अशा मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजवर मात्र मल्टिमीटर लावू नये, मीटरचा प्रवाह त्याच्या नाजूक वेटोळ्यांना सोसत नाही.) दोष उरला तो हेडशेल आणि टोनआर्म (सुईला ध्वनिमुद्रिकेवर पेलणारा दांडा) यांच्या सांध्यात. हेडशेलच्या मागच्या चार पितळी टोकांवर काळपट थर चढला होता. समुद्राकाठच्या घरांत हे नेहमीच दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या काडीने ती टोके आणि टोनआर्मच्या आतल्या स्प्रिंगच्या पिना पुसल्या, हेडशेलचा कॉलर पुन्हा घट्ट आवळला, आणि उजवा आवाज कायमचा परत आला. ज्या दोषासाठी अख्खे यंत्र बदलायला सांगितले गेले होते, त्याच्या दुरुस्तीला खर्च काहीच आला नाही.

आवाज चिरण्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. सुईवरचे वजन मी आधी पाहिले. एम९७एक्सईच्या पुढच्या बाजूला एक लहान ब्रश असतो. तो ध्वनिमुद्रिकेवर टेकून धूळ तर झाडतोच, शिवाय वाकलेल्या ध्वनिमुद्रिकेवर टोनआर्मला उड्या मारू देत नाही. मात्र टेकल्यावर हा ब्रश अर्ध्या ग्रॅमचा भार स्वतःवर घेतो, म्हणून ब्रश खाली असताना वजनाच्या चकतीवर अर्धा ग्रॅम जास्त लावायचा असतो. सुईवर सव्वा ग्रॅम हवे असेल, तर चकतीवर पावणेदोन ग्रॅम. इथे चकतीवर सव्वा ग्रॅमच होते आणि ब्रश खाली होता, म्हणजे सुईला पाऊणच ग्रॅम मिळत होते. कमी वजनाने ध्वनिमुद्रिका जपल्या जातात, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे: वजन अपुरे पडले की सुई खाचेच्या भिंतींवरची पकड सोडते, खाचेत आदळत पुढे जाते, आणि प्रत्येक आदळण्याने भिंतीचा कण निघतो. वजन पावणेदोनवर नेले तेव्हा चिरकेपणा कमी झाला, पण गेला नाही. ज्या ध्वनिमुद्रिका फारशा वाजलेल्या नव्हत्या त्यांवरही तो शेवटच्या पाच-सात मिनिटांत ऐकू येतच राहिला, त्यामुळे दोष केवळ ध्वनिमुद्रिकांच्या झिजेचा नाही हेही स्पष्ट झाले.

हा दोष बाजूच्या शेवटीच का यावा, याचे कारण ध्वनिमुद्रिकेच्या भूमितीत आहे. लाँग प्ले ध्वनिमुद्रिका मिनिटाला ३३⅓ फेरे या एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, तर अगदी आतल्या खाचेत हा वेग सुमारे २१ सेंटिमीटरवर येतो. १०,००० हर्ट्झच्या एका कंपनाला बाहेर ५१ मायक्रॉन जागा मिळते, आत केवळ २१. नवी लंबवर्तुळाकार सुई खाचेच्या भिंतीला ज्या कडेने टेकते तिची त्रिज्या एम९७एक्सईमध्ये ५ मायक्रॉन असते, म्हणून ती या आकसलेल्या वळणांतून सुखाने जाते. झीज होऊन त्या कडेचा सपाट पैलू बनला की तो वळणात मावतच नाही. आता आपल्या ख्यालाची मांडणी पाहा. विलंबित ख्याल बाजूच्या सुरुवातीला, ऐसपैस बाहेरच्या खाचांत. द्रुत बंदिश, ताना, तराणा आणि तार सप्तकातली झेप हे सगळे शेवटी, जिथे खाचेत जागा सर्वांत कमी आहे. पाश्चात्त्य पॉप संगीताचे निर्माते संथ गाणे बाजूच्या शेवटी ठेवून ही अडचण टाळू शकत असत. ख्यालाला ती सोय नाही, कारण त्याची बढत एकाच दिशेने जाते. म्हणूनच आपल्याकडच्या श्रोत्याने सुईच्या झिजेबाबत अधिक दक्ष राहायला हवे असे माझे ठाम मत आहे.

सुईचा भाग काढून संगणकाला जोडायच्या सूक्ष्मदर्शकाखाली दोनशेपट मोठा करून पाहिला. चांगल्या टोकावर बाजूने उजेड टाकला तर एक बारीक, गोलसर चमक दिसते आणि उजेड हलवला की ती सरकते. इथे टोकाच्या दोन्ही अंगांना स्वच्छ कडा असलेले दोन सपाट, आरशासारखे चकाकणारे डाग होते आणि उजेड कसाही फिरवला तरी ते जागचे हलत नव्हते. डावीकडचा डाग उजवीपेक्षा मोठा होता. अँटी-स्केटिंगचा, म्हणजे टोनआर्मची आत जाण्याची ओढ तोलणारा, काटा शून्यावर राहिल्याने टोनआर्म वर्षानुवर्षे आतल्या बाजूला ओढला जात होता त्याचा हा पुरावा. बाईंनी पडद्यावरचे चित्र बराच वेळ निरखले आणि विचारले, “हे असं टोक माझ्या रेकॉर्डवरून फिरत होतं?” फिरत होते. असे टोक पटाशीसारखे काम करते: खाचेतली बारीक वळणे वाचण्याऐवजी तासून काढते.

किती काळ फिरले असेल याचा हिशेब अवघड नव्हता. रोज संध्याकाळी एक ध्वनिमुद्रिका, दोन्ही बाजू मिळून साधारण ४० मिनिटे, असा आठ वर्षांचा परिपाठ. म्हणजे १,९०० तासांहून अधिक. ऑडिओ-टेक्निका ही जपानी कंपनी साध्या लंबवर्तुळाकार सुईचे आयुष्य ३०० तास सांगते. ऑर्टोफॉन ही डॅनिश कंपनी योग्य निगा राखल्यास १,००० तासांपर्यंत सांगते. मी स्वतः पहिल्या आकड्याच्या जवळ राहणे पसंत करतो. वीस मिनिटांच्या एका बाजूत सुई सुमारे ४३० मीटर खाच घासत जाते. ३०० तासांत हे अंतर ३८० किलोमीटरच्या पुढे जाते. आकडा कोणताही माना, ही सुई कधीच निवृत्त व्हायला हवी होती.

आता प्रश्न पर्यायांचा. शुअरने २०१८ मध्ये फोनो कार्ट्रिजचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, त्यामुळे मूळ सुई मिळते ती जुन्या साठ्यातली. अशी सुई मी घेऊ दिली नाही. हिरा डबीत वर्षानुवर्षे राहिला तरी झिजत नाही हे खरे, पण रबर डबीतही म्हातारे होते. ते कडक झाले की कँटिलिव्हर ताठ होतो, मऊ पडले तर ठोकळा ध्वनिमुद्रिकेवर बसायला येतो, आणि बाहेरून डबी सीलबंद आहे एवढेच दिसते. ऑनलाइन बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या स्वस्त सुयाही बाद केल्या, कारण त्यांत टोक अनेकदा कँटिलिव्हरवर तिरके चिकटवलेले असते. तिसरा पर्याय जपानच्या ह्योगो प्रांतातील जायको या कंपनीच्या सुईचा होता. १८७३ मध्ये शिवणकामाच्या सुयांपासून सुरुवात केलेली ही कंपनी आजही बंद पडलेल्या कार्ट्रिजांसाठी सुया बनवते आणि तिचे काम विश्वासार्ह आहे. ठोकळा उत्तम स्थितीत असल्याने हा मार्ग तांत्रिकदृष्ट्या योग्यच होता. मात्र तिच्या चांगल्या प्रतीच्या सुईची किंमत आणि वर जकात धरली, तर तेवढ्यात चालू उत्पादनातले नवे कार्ट्रिज येत होते, ज्याच्या सुया पुढेही सहज मिळत राहतील. जुन्याच कँटिलिव्हरवर नवा हिरा बसवून घेण्याचा चौथा मार्ग महागड्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजांसाठी शोभतो, कारण त्यांची सुई घरी बदलता येत नाही. इथे त्याचा विचारही केला नाही.

नवे कार्ट्रिज निवडताना टोनआर्मशी त्याचे जमते की नाही हे पाहणे अटळ असते. टोनआर्मचे प्रभावी वस्तुमान आणि सुईच्या आधाराची लवचीकता मिळून एक स्वाभाविक कंपन ठरते, आणि ते ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावे लागते: खाली गेले तर वाकलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या हेलकाव्यांनी टोनआर्म डोलू लागतो, वर गेले तर ते संगीताच्या हद्दीत शिरते. एसएल-१२०० च्या टोनआर्मचे प्रभावी वस्तुमान हेडशेलसह १२ ग्रॅम आहे. ऑर्टोफॉन २एम रेडचे वजन ७.२ ग्रॅम, लवचीकता २०. स्क्रूंचा एक ग्रॅम धरला तर हिशेब ७.९ हर्ट्झवर येतो, म्हणजे सीमेच्या किंचित अलीकडे. सपाट ध्वनिमुद्रिकांवर ते उत्तम चालले असते. पण मुंबईच्या उकाड्यात उभ्या-आडव्या रचलेल्या बाईंच्या कित्येक ध्वनिमुद्रिका वाकलेल्या आहेत आणि शुअरचा ब्रश आता मदतीला असणार नव्हता. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेचे वजन ६.१ ग्रॅम आहे. तिची लवचीकता कंपनी १०० हर्ट्झला मोजून सांगते, म्हणून तो आकडा दीडपट ते दुप्पट करून वापरावा लागतो. तसे केल्यावर मायक्रोलिनियर सुईच्या एमएल प्रकारासाठी ८ ते ९.५ हर्ट्झ असे उत्तर येते. तेच घेतले.

त्याच मालिकेतला लंबवर्तुळाकार सुईचा ई प्रकार बराच स्वस्त आहे आणि बाईंचा कल आधी तिकडेच होता. मायक्रोलिनियर सुईची किंमत ईच्या तिपटीच्या आसपास, पण कंपनी तिचे आयुष्य १,००० तास सांगते, म्हणजे तिपटीहून थोडे अधिक. तासामागे खर्च जवळपास सारखाच पडतो. याखेरीज या सुईची कड इतकी अरुंद असते की आतल्या खाचांतली वळणे ती खऱ्या अर्थाने वाचू शकते, आणि खाचेच्या भिंतीला ती अधिक उंचीवर टेकत असल्याने जुन्या सुयांनी न घासलेला भागही तिला सापडतो. जिथे ऐकण्याचा जीव द्रुतात आहे, तिथे हा खर्च योग्य वाटला.

बसवण्याच्या कामात घाई चालत नाही. व्हीएम९५ च्या ठोकळ्यातच आटे असल्याने नटांची कटकट नसते. सुईचा भाग काढून ठेवून ठोकळा हेडशेलला सैल जोडला, बारीक चिमट्याने चारही तारा त्यांच्या रंगांप्रमाणे खुंट्यांवर सरकवल्या. तारेच्या टोकाची क्लिप घट्ट बसत असेल तर ती दाबून ढकलू नये, टाचणीने किंचित उघडावी. जोर लावला की खुंटी आत जाते आणि वेटोळ्याची तार तुटते. मग सुई लावून, हेडशेलच्या मागच्या रबरी वायसरपासून सुईच्या टोकापर्यंत टेक्निक्सने सांगितलेले ५२ मिलिमीटर अंतर साधले. टेक्निक्सची ही मांडणी आतल्या खाचांजवळ कोनाची चूक कमीत कमी ठेवते, आणि ख्यालाच्या ध्वनिमुद्रिकांसाठी याहून सोयीचे काही नाही. वजन २ ग्रॅम लावून वेगळ्या डिजिटल काट्यावर पडताळले, अँटी-स्केटिंग २ वर आणले, आणि ध्वनिमुद्रिका वाजत असताना टोनआर्म तिला समांतर राहील अशी त्याची उंची फिरवली. मायक्रोलिनियर सुई तिरकेपणा अजिबात खपवून घेत नाही, म्हणून समोरून लहान आरसा ठेवून तिचा उभेपणाही पाहिला.

पहिल्या श्रवणात चिरकेपणा गेला होता, पण तंबोऱ्याचा झंकार गरजेपेक्षा टोकदार लागत होता. हा दोष सुईचा नव्हता. शुअरला जोडणीची विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) २०० ते ३०० पिकोफॅरड मानवते, व्हीएम९५ ला १०० ते २००. टोनआर्मच्या तारा, केबल आणि फोनो प्रीॲम्प्लिफायर (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) मिळून ती ३०० च्या आसपास जात होती, आणि कार्ट्रिजच्या ५५० मिलिहेन्री प्रेरकतेशी मिळून १२,४०० हर्ट्झच्या सुमारास उठाव तयार होत होता. प्रीॲम्प्लिफायरमागचा लहान स्विच कमी धारितेवर नेल्यावर बेरीज १५० च्या जवळ आली, उठाव १७,००० हर्ट्झच्या पलीकडे गेला आणि तंबोरा जागेवर बसला. कार्ट्रिज बदलल्यावर ‘नवे जरा कर्कश वाटते’ अशी तक्रार करणाऱ्यांनी कार्ट्रिज परत करण्याआधी हा स्विच अवश्य पाहावा.

संग्रहातल्या बहुतेक ध्वनिमुद्रिका आता शेवटच्या खाचेपर्यंत स्वच्छ वाजतात. सर्वच नाही. बाईंच्या सर्वाधिक आवडीच्या, म्हणून सर्वाधिक वाजलेल्या काही ध्वनिमुद्रिकांमध्ये द्रुताच्या ताना अजूनही चिरतात. ती झीज आता खाचेतच कोरली गेली आहे आणि कोणतीही सुई ती भरून काढणार नाही. त्या वेगळ्या काढल्या असून त्यांच्या चांगल्या प्रती जुन्या बाजारात आणि संग्राहकांकडे शोधायचे ठरले आहे. नव्या प्रतीही आधी धुऊन, कोरड्या करून मगच या सुईखाली जातील, कारण ही सुई धुळीचा कणही ऐकवते.

हिराबाई बडोदेकरांच्या ७८ फेऱ्यांच्या काही जुन्या ध्वनिमुद्रिका त्याच कपाटात आहेत. हे टर्नटेबल ३३⅓ आणि ४५ याच वेगांनी फिरते, आणि ७८ च्या रुंद खाचेला तीन मिल, म्हणजे ७६ मायक्रॉन, त्रिज्येची सुई लागते. लाँग प्लेची सुई तिच्या तळाशी घासत राहते. त्यांना या यंत्रावर अजिबात ठेवायचे नाही, हे बाईंनी कपाटाच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवले आहे. त्याच कागदाखाली आता एक वही टांगलेली आहे, ज्यात दररोज वाजवलेल्या बाजूंची संख्या लिहिली जाते. तासांची बेरीज ८०० वर आली की सुई सूक्ष्मदर्शकाखाली जाईल, आवाज कसाही लागत असला तरी.